तीन बोटं गोडं पाणी

हार्लिंगनच्या खाऱ्या बंदरात भरलेली बोट मोठ्या बांधाच्या जलद्वारातून आतल्या सरोवरात आली, की हाताच्या तीन बोटांइतकी खाली बसायची. गोड्या पाण्याला तीन बोटं द्यावीच लागतात, असं ‘हिल्के’ बोटीवर गोस्से म्हातारा सांगायचा, आणि त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा. मीठ बोटीला उचलून धरतं, गोडं पाणी सोडून देतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मोजायची पद्धतही ठरलेली होती. बोटीच्या मधोमध, कठड्याला अडकवता येईल अशी एक आकड्याची काठी. माल भरून झाला की ती काठी बाहेरच्या अंगाने पाण्यात सोडायची, जिथवर भिजेल तिथे दोरा बांधायचा. मग जलद्वारात शिरल्यावर काठी पुन्हा सोडायची आणि दोऱ्याच्या वर किती बोटं भिजली ते बघायचं. १९५६ सालच्या सप्टेंबरात हे काम रिन्स्केकडे होतं. गोस्सेची सून, तीन वर्षांपूर्वी बोटीवर आलेली. माहेर काठावरचं, म्हणजे जमिनीवरचं. बोटीवरची माणसं काठावरच्या मुली सहसा करत नसत. रिन्स्के तर गावच्या डेअरीत चार वर्षं दूध तपासत होती, तिथून उठून ती अठ्ठावीस मीटर लांबीच्या लोखंडी घरात राहायला आली. गोस्सेने पहिल्या दिवशी तिला ‘दूधवाली’ म्हटलं, ते नाव तिला कायमचं चिकटलं.

“किती?” गोस्सेने मागून विचारलं. तो सुकाणूच्या खोपटाला टेकून उभा होता, तोंडात विझलेला पाइप.

“तीन बोटं, हाइत.” वडिलांना ते लोक हाइत म्हणत. सासऱ्यालाही तेच.

“नीट मोजलीस? डेअरीतली बोटं बारीक असतात.”

“तीनच आहेत.”

“झालं तर मग. लागलं गोडं पाणी.” म्हातारा खोपटात डोकावला. “फायके, तीन.”

आतून फायकेने, तिच्या नवऱ्याने, नुसता हात वर केला.

रिन्स्केने काठी उचलून जागेवर ठेवली आणि तिला बरं वाटलं. पहाटे सहाला निघाल्यापासून दोन तास खाडीच्या अरुंद वाटेने येताना नैऋत्येचा वारा वाढत गेला होता. बांधाच्या या बाजूला भिंतींच्या आडोशाला पाणी शांत होतं. पण पलीकडे, दुसऱ्या दारामागे, उघडं सरोवर होतं, आणि आंडाइकच्या किनाऱ्यापर्यंत चार तास मधे कुठेही आसरा नव्हता. ते सरोवर उथळ आहे, म्हणून त्याच्या लाटा आखूड आणि चिडक्या. बोटीवरची माणसं समुद्राविषयी बोलायची नाहीत इतकं त्या सरोवराविषयी बोलायची, आणि बोलताना आवाज खाली आणायची.

त्यांच्या मागे, जलद्वाराच्या दोन दारांमधल्या हौदात, आणखी एक बोट होती, ऊबेले नावाच्या माणसाची, बटाट्यांनी भरलेली. दोन्ही बोटी भिंतीला दोर लावून उभ्या होत्या. पुढचं दार उघडायला वेळ होता, कारण आधी रस्त्यावरचा पूल फिरायचा, आणि पुलावर दुधाच्या कॅनची एक लांबलचक गाडी अडकली होती.

रिन्स्केची दोन वर्षांची मुलगी यिक्के दोरीच्या पट्ट्यात होती. त्या काळी बोटीवरची सगळी मुलं अशीच वाढायची, कमरेला पट्टा आणि पट्ट्याचा दोर डोलकाठीला. सात वर्षांची झाली की काठावरच्या वसतिशाळेत जायची आणि तेव्हा कुठे सुटायची. रिन्स्केने तिला काळ्या पावाचा तुकडा लोणी लावून दिला आणि शेजारी मालावरच्या झाकणफळ्यांवर बसली.

तीन. ऊबेलेची बोट पाण्यात इतकी खोल होती की तिच्या कडेच्या वाटेवरून पाणी ओघळत होतं. त्यांची ‘हिल्के’ मात्र उंच उभी होती, बदकासारखी. आंडाइकचं बंदर उथळ, म्हणून या खेपेला विटा निम्म्याच घेतल्या होत्या. आणि मागच्या महिन्यात ‘हिल्के’सुद्धा बटाट्यांनी गच्च भरलेली होती, तेव्हा काठीने काय दाखवलं होतं? तेव्हाही तीनच.

तिने जागेवर ठेवलेल्या काठीकडे पाहिलं.

डेअरीतल्या तपासणीच्या खोलीत काचेचे दोन काटे होते, एक मोठा, एक छोटा. दुधात सोडले की उभे तरंगायचे. कुणी शेतकऱ्याने पाणी घातलं असेल तर काटा खोल जायचा. दूध पातळ झालं की त्याला काटा पेलवत नाही, एवढीच त्यातली गोष्ट. पण त्याच दुधात मोठा काटा जास्त खाली जायचा आणि छोटा कमी. म्हणून दोघांवरच्या रेघा वेगळ्या होत्या, मोठ्यावर लांब लांब, छोट्यावर दाट. पहिल्याच आठवड्यात तिने एकाच्या रेघा दुसऱ्याला लावल्या होत्या आणि तपासनीस बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ‘जो जितका बुडालेला, त्याच्या हिश्शानेच तो आणखी बुडणार,’ बाई म्हणाल्या होत्या, ‘हे डोक्यात जाईपर्यंत घरी जायचं नाही.’

तिने खिशातून खडूचा तुकडा काढला. खारं पाणी गोड्यापेक्षा चाळीसाव्या हिश्शाने जड. म्हणजे गोड्यात आलं की बोट जितकी पाण्याखाली आहे त्याचा चाळीसावा हिस्सा आणखी खाली जाणार. भरलेली बोट दोन मीटर बुडते. दोन मीटरचा चाळीसावा हिस्सा पाच सेंटिमीटर. तीन बोटं. बरोबर. पण आज बोट एक मीटर दहाच बुडाली होती. तिने झाकणफळीवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. तीन सेंटिमीटरसुद्धा नाहीत. दीड बोट.

मग वरचं दीड बोट कुठून आलं?

ती उठली. पुन्हा काठी सोडली. दोऱ्याच्या वर तीन बोटं आणि नखभर जास्त. नखभर जास्त आहे की आपल्या मनाचे खेळ, हे तिला ठरवता येईना. तिने बादली दोराने खाली सोडली, भरून घेतली, आणि ओंजळीने पाणी तोंडात घेतलं.

खारट. खाडीइतकं खारट नव्हे, पण खारटच. खाडीकडचं दार आताच बंद झालं होतं, हौदात अजून खाऱ्याचीच वस्ती होती. म्हणजे गोडं पाणी अजून धड लागलंच नव्हतं. दीड बोटसुद्धा व्हायला नको होतं.

खोपटात फायके नकाशा गुंडाळत होता. तिने दार ओढून घेतलं.

“फायके, बोटीत पाणी आहे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “कुठे?”

“माहीत नाही कुठे. आत. तीन बोटं जास्त होतात. निम्म्या मालाला दीडच व्हायला पाहिजे.” तिने चाळीसाव्या हिश्शाचं सगळं सांगितलं, घाईघाईत, दोनदा चुकत. सांगताना तिलाच ते डेअरीतल्या पोरीचं बोलणं वाटायला लागलं.

फायके माणूस वाईट नव्हता. तो ऐकून घ्यायचा. पण ऐकून झालं की त्याची नजर काचेतून बाहेर, बापाकडे जायची. आताही गेली. “हाइत,” त्याने हाक मारली. “रिन्स्के म्हणते, निम्म्या मालाला दीड बोट.”

“काय दीड बोट?”

“खाली बसते. तीन नाही, दीड.”

गोस्से दारात आला. त्याने सुनेकडे पाहिलंच नाही, मुलाशी बोलला. “गोडं पाणी ते गोडं पाणी. ते काय बोटीला विचारतं, बाई, तुझ्या पोटात किती विटा आहेत?”

“बोट जेवढी बुडालेली, त्याच्या हिश्शाने, हाइत. डेअरीत...”

“दुधात पाणी घातलं की तुझा काटा सांगतो. पाण्यात पाणी घातलं तर कोण सांगणार?” तो स्वतःच हसला. मग पाइप खिशात टाकला. “बरं. उगाच मनात नको. पंप मारून दाखवतो.”

पंप मागच्या बाजूला होता, तळापर्यंत गेलेला, लांब दांड्याचा. गोस्सेने दांडा धरला आणि पंधरा-वीस वेळा खालीवर केला. आतून फुस्स फुस्स असा कोरडा आवाज आला आणि तोंडातून चूळभर गंजकं पाणी पडलं. बस.

“ठणठणीत,” तो म्हणाला. “ऐकलंस ना? हवा ओढतोय. आता जा पुढे, दोराशी उभी राहा. पूल फिरतोय.”

रिन्स्के पुढे निघाली. कडेच्या अरुंद वाटेवरून तिचे लाकडी बूट टकटक वाजत होते आणि दर पावलाला तिला वाटत होतं की आपण मूर्ख आहोत. पंप खोटं कशाला बोलेल? काटा चुकतो, माणूस चुकतो, डोक्यात आकडे उलटेसुलटे होतात. फायकेच्या आईने, जिचं नाव या बोटीला होतं, तिने तीस वर्षांत कधी असा प्रश्न विचारला नसणार. यिक्के पाव चघळत तिच्याकडे बघून हसली.

नाळेशी आल्यावर ती थांबली. नाळ म्हणजे बोटीचं नाक. ते आज खाली होतं. हार्लिंगनच्या धक्क्यावर फळ्या फक्त पुढच्याच बाजूला टाकता आल्या होत्या, म्हणून हमालांनी विटा पुढेच रचल्या. गोस्सेने तेव्हाच कुरकुर केली होती, मागे वजन हवं म्हणून. कशाला हवं? तिने कधी विचारलं नव्हतं. आता तिला कळलं. बोट मागे झुकलेली असली तर तळातलं पाणी मागे येतं, पंपाच्या तोंडाशी. आज बोट पुढे झुकलेली होती. पाणी असलं तर ते पुढे असणार, विटांखाली. मागचा पंप दिवसभर मारला तरी हवाच ओढणार.

समोरचं दार दुभंगलं आणि त्या फटीतून वारा आत घुसला. फटीतून तिला सरोवर दिसलं, करडं, पांढऱ्या रेघांनी भरलेलं. हिरवा दिवा लागला. मागे इंजिन धडधडायला लागलं. आता तिने खुंटावरून पुढचा दोर काढायचा, आत ओढायचा आणि हात वर करायचा. तीन वर्षांत शेकडो वेळा केलेलं.

तिने दोराला हात लावला नाही.

इंजिनाचा आवाज वाढला, बोट थोडी पुढे सरकली, दोर ताणला गेला आणि करकरला. मागून ऊबेलेचा भोंगा वाजला. एकदा, मग दोनदा. जलद्वारावरचा माणूस भिंतीवरून खाली वाकला. “बाई, दोर.”

“ठाऊक आहे,” रिन्स्के म्हणाली.

“मग?”

भिंतीवर पुलासाठी थांबलेली चारपाच माणसं होती, सायकली धरून. सगळी बघत होती. दोर न सोडणारी बाई ही त्या लोकांत वर्षभर सांगण्यासारखी गोष्ट होती. तिचे कान तापले. हिवाळ्यात बोटी एकत्र थांबतात तेव्हा बायका ही गोष्ट कॉफीबरोबर वाटणार, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं.

“फायके,” ऊबेले मागून ओरडला, “तुझ्या बायकोला सांग, गाठ नाहीये ती, नुसता फास आहे. काढला की निघतो.”

फायके पुढे आला. सुकाणू त्याने बापाकडे दिलं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, रागाने की लाजेने कोण जाणे. “रिन्स्के, काय चाललंय?”

“पाणी पुढे आहे. नाक खाली आहे ना? पंपापर्यंत येतच नाही ते.”

“हाइतने आत्ता...”

“हाइतने मागे पंप मारला. पुढे कोणी बघितलंय?” ती मुद्दाम हळू बोलत होती. “दहा मिनिटं दे मला. पलीकडच्या थांब्याला लाव, मी खाली उतरते. काही नसलं तर जन्मभर मला दूधवाली म्हणा. पण यिक्के या बोटीवर आहे, फायके. पाणी आहे की नाही हे मला दोन तासांनी तिकडे मधे कळायला नकोय.”

त्याने फटीतून बाहेर पाहिलं. मग मागे, बापाकडे. मग दोराकडे. भोंगा पुन्हा वाजला.

“दहा मिनिटं,” तो म्हणाला. “सोड.”

तिने सोडला.

दाराबाहेर डाव्या हाताला लाकडी थांबा होता, लाटांपासून आडोशाला. तिथे बोट लावताना गोस्सेने सुकाणू गरजेपेक्षा जोरात फिरवलं. ऊबेले त्यांना वळसा घालून पुढे गेला. त्याची बायको कपडे वाळत घालत होती, तिने मान वाकडी करून पाहिलं. मग त्यांची बोट पहिल्या लाटेवर चढली, खाली गेली, पुन्हा चढली, आणि वाळत घातलेल्या चादरी आडव्या झाल्या.

फायकेने पुढच्या दोन झाकणफळ्या उचलल्या. बोटीच्या पोटात पिवळ्या विटांची भिंत माणसाच्या छातीइतकी उंच होती. पुढच्या लोखंडी पडद्याशी, म्हणजे आडव्या भिंतीशी, मात्र वीतभरापेक्षा थोडी जास्त जागा मोकळी राहिली होती. फायकेचे खांदे तिथे मावेनात. रिन्स्केने स्कर्ट कमरेला खोचला, बूट काढले आणि कडेकडेने आत सरकली. विटांची धूळ नाकात गेली. खाली तळफळ्या होत्या, त्यांच्याखाली बोटीच्या फासळ्या आणि त्याखाली पत्रा. एक फळी सैल असते, झाडझुडीसाठी. ती तिने पायाच्या बोटांनी चाचपली. वाकायला जागा नव्हती. गुडघे दुमडून ती खाली बसत गेली, पाठ पडद्याला घासत, आणि फळीच्या भोकात बोट घालून ओढलं.

फळी उचलली गेली नाही. तिने पुन्हा ओढलं. तेव्हा ती एकदम सुटली, कारण ती खालून फुगली होती.

आत काळं होतं. तिने हात घातला. पत्रा लागेल म्हणून हात जपून खाली नेला, आणि तो थंडीत शिरला. बोटं, तळवा, मनगट. मनगटाच्या वर चार बोटं जाईपर्यंत पत्रा लागला नाही.

खरं ठरल्याचा आनंद होईल असं तिला कुठेतरी वाटलं असावं. झालं ते उलटंच. आपण या पाण्यावर झोपतो, स्वयंपाक करतो, पोर खेळवतो, ते सगळं एका पत्र्याच्या जाडीवर, हे तिला पहिल्यांदा हाताने कळलं. तिने ओलं बोट जिभेला लावलं. कडकडीत खारं. हौदातलं मचूळ पाणी नव्हे, खाडीचं. म्हणजे पहाटेपासून येत होतं.

“फायके,” ती म्हणाली. “हात दे मला.”

“काय आहे?”

“हात दे आधी.”

त्याने तिला ओढून वर घेतलं. तिची बाही कोपरापर्यंत ओली होती. त्याने ती बाही पाहिली, आणि मग तो तिथूनच, पोटातूनच, ओरडला, “हाइत, इंजिन बंद करा.”

गोस्से आला, झाकणाच्या काठाशी उभा राहिला. सुनेची बाही त्यानेही पाहिली. टोपी काढली, पुन्हा घातली. “किती?”

“पुढे फळ्यांना लागलंय.”

म्हाताऱ्याने ओठ हलवत हिशोब केला, टनांचा. मग तो म्हणाला, “तीन टन. साडेतीन असतील.” निम्मी रिकामी बोट, तिच्या तळात इकडून तिकडे धावणारं साडेतीन टन पाणी, नाक खाली, आणि समोर त्या आखूड लाटा. दर तासाला आणखी दीड-दोन टन. चार तासांत काय झालं असतं ते तिघांनाही दिसत होतं.

पुढे मग बोलायला कुणाला उसंत नव्हती. गोस्से सत्तरीचा होता, पण पोटात उतरला तो दुपारपर्यंत वर आला नाही. त्याने आणि फायकेने पुढच्या विटा एकेक करून मागे फेकल्या, रिन्स्केने झेलून रचल्या. हजारएक असतील. बोट हळूहळू मागे झुकली तसं पाणी मागे सरकलं, आणि ज्या पंपाने सकाळी हवा ओढली होती त्याच्या तोंडातून आता धार लागली, मनगटाइतकी जाड. यिक्के ती धार बघून टाळ्या पिटत होती. ती एकटीच खूष होती.

भोक सापडलं ते दुपारी एकच्या सुमाराला. उजव्या अंगाला, तळाच्या वळणावर, एका रिव्हेटचं डोकं उडालं होतं. करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्यातून कारंजं. “एवढंसं,” फायके म्हणाला. गोस्सेने चाकूने लाकडाची खुंटी तासली, कापडात गुंडाळली आणि ठोकली. धार थांबली, पाझर राहिला. मग त्याने रिन्स्केकडे न बघता म्हटलं, “पोरी, डुकराची चरबी आहे का घरात? जाड कातडीची.”

आठवड्याच्या सूपासाठी ठेवलेला तुकडा तिने आणून दिला. त्याने तो भोकावर दाबून बसवला, वर फळी, फळीवर टेकू, आणि भोवती लाकडी चौकट करून फायकेने सिमेंट ओतलं. हे बोटीवरच्या सगळ्यांना येतं. हे शिकवावं लागत नाही.

कॉफी प्यायला ते वर आले तेव्हा गोस्सेच्या हातांची सालं निघाली होती. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यालाच नाही.

“मी या दारातून किती वेळा गेलो असेन,” तो म्हणाला. “बांध झाल्यापासून. भरलेला, दर वेळी गच्च भरलेला. रिकामा जायचो तेव्हा मोजतंय कोण? अर्ध्या मालाने मी हे दार कधी ओलांडलंच नाही.”

फायकेने पाव कापून बापापुढे सरकवला.

“तीन आले,” गोस्से म्हणाला, “आणि मला बरं वाटलं. तीन पाहिजे होते, तीन आले. चार आले असते तर मीच घाबरलो असतो.”

“मलाही बरंच वाटलं होतं, हाइत,” रिन्स्के म्हणाली. “आधी.”

“हं,” तो म्हणाला आणि कॉफी प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. सरोवर इतकं सपाट होतं की पलीकडून निघालेल्या होड्यांची शिडं लटकलेली दिसत होती. जलद्वारातून एकामागून एक बोटी बाहेर पडत होत्या आणि प्रत्येक बोटीवरून कुणीतरी ओरडून विचारत होतं, काय झालं म्हणून. फायके पोटात उतरून सिमेंट बघून आला. पाझर नव्हता. बाहेरून हात लावला तर घट्ट वाटत होतं.

“निघता येईल,” तो बापाला म्हणाला. “चार तासांचं काम आहे. असा दिवस पुन्हा मिळायचा नाही.”

गोस्सेने आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्याने मान वळवून तिला विचारलं. “तू काय म्हणतेस? निघायचं?”

रिन्स्के बटाटे सोलत होती. कुणी आपल्याला हे विचारावं असं तिला कधी वाटलं नव्हतं असं नाही. रात्रीतून दोनदा उठून तिने मागचा पंप मारला होता आणि दोन्ही वेळा नुसती हवा आली होती, आणि या वेळी हवा येणं हे खरं होतं, बोट मागे झुकलेली होती. सगळे आकडे नीट होते. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. तिने त्या सपाट पाण्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडात ती कडकडीत खारी चव आली.

“आज नको,” ती म्हणाली.

“का?” फायकेने विचारलं.

“सिमेंटला एक दिवस द्यावा.” मग ती थांबली, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. “मला भीती वाटते. कारण नाही काही.”

फायकेने तोंड उघडलं. म्हाताऱ्याने हात आडवा केला. तो तिच्या समोर उलट्या बादलीवर बसला, खिशातून चाकू काढला, पातं पँटीला पुसलं.

“अर्धे बटाटे इकडे दे,” तो म्हणाला. “सालं जाड काढतेस तू.”